पुण्याचं रेडिओ केंद्र आणि दीडशे गावं

आमच्या गावात पंचायतीचा रेडिओ आला तेव्हा मी तिसरीत होतो. आमचं गाव पनवेल तालुक्यात, खाडीच्या काठाला. आज त्याच्या चहूबाजूंनी नवी मुंबईच्या उंच इमारती उभ्या आहेत. तेव्हा तिथं भाताची शेतं होती, मिठागरं होती आणि भरतीचं पाणी अडवणारे मातीचे बांध होते.

रेडिओ म्हणजे एक लाकडी पेटी. पंचायतीच्या खोलीत उंच फळीवर ठेवलेली. संध्याकाळी शिपाई यायचा, स्टुलावर चढायचा आणि कान पिळावा तशी तिची खुंटी पिरगाळायचा. आधी खरखर व्हायची. मग माणूस बोलायला लागायचा. शेतकऱ्यांचा कार्यक्रम असायचा. खत कसं घालावं, रोप केव्हा लावावं, असं सगळं तो माणूस सांगायचा. आम्ही पोरं त्या माणसाला शोधायला पेटीच्या मागं जाऊन बघत असू.

आमच्या आळीत एक आजा होता. तो रोज ऐकायला यायचा. एक दिवस तो वैतागून म्हणाला, “ही पेटी बोलते लय. पन हिला कान हायेत का? आमच्या खाजणात खारं पानी शिरतं, त्याचं काय करायचं ते हिला इचारा ना!”

सगळे हसले. पण आजाचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. रेडिओ बोलतो, गाव ऐकतो. गाव बोललं तर रेडिओ ऐकेल का? हा प्रश्न आजाच्या आधी पंधरा वर्षं पुण्याच्या रेडिओ केंद्रात लोकांनी मनावर घेतला होता. त्याची हकीकत आज वाचू या.

आपल्या भागात रेडिओ पहिल्यानं आला तो मुंबईला. २३ जुलै १९२७ रोजी तिथलं केंद्र सुरू झालं. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी त्याचं उद्घाटन केलं. केंद्र एका खाजगी कंपनीचं होतं. त्याचा आवाज जेमतेम तीस मैलांपर्यंत जाई. रेडिओ महाग, त्यामुळे घेणारे थोडे. शिवाय रेडिओ बाळगायला वर्षाला दहा रुपये भरून लायसन काढावं लागे, आणि ते चुकवणारेही होतेच. कंपनीचं दिवाळं निघालं. १९३० साली सरकारनं कारभार हातात घेतला. १९३६ साली त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ असं नाव मिळालं.

‘आकाशवाणी’ हे नाव मात्र मुंबईचं नाही, दिल्लीचंही नाही. म्हैसूरचे एक प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या घरातून एक लहानसं रेडिओ केंद्र चालवलं. त्या केंद्राचं नाव आकाशवाणी. पुढे तेच नाव साऱ्या देशानं घेतलं. एका माणसाच्या घरातलं नाव देशभर गेलं, याची मला नेहमी गंमत वाटते.

स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४८ साली नागपूरला केंद्र झालं. त्यानंतर पुण्याची पाळी आली. २ ऑक्टोबर १९५३, गांधीजयंतीचा दिवस. त्या दिवशी पुणे केंद्र सुरू झालं. तेव्हाचं पुणं आजच्यासारखं अफाट नव्हतं. वस्ती सुमारे पाच लाख. रस्त्यानं सायकली आणि टांगे. महाराष्ट्र राज्यही अजून व्हायचं होतं. पुणे मुंबई राज्यात होतं.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. पुण्यात माणूस बोलतो, तो नाशिकच्या खेड्यात ऐकू कसा येतो?

एक लांब दोर घ्या. एक टोक खुंटीला बांधा, दुसरं हातात धरा आणि हलवा. दोरात लाट उठते आणि पुढे पळत जाते. दोर मात्र जागच्या जागीच असतो. रेडिओ केंद्राचा लोखंडी मनोरा अशाच लाटा उठवतो. त्या दोरात नाही, आकाशात उठतात. त्या विजेच्या लाटा. डोळ्यांना दिसत नाहीत. एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतात. पुणे केंद्राचा स्टुडिओ, म्हणजे बोलण्या-गाण्याची खोली, शिवाजीनगरला आहे, मनोरा हडपसरला.

प्रत्येक केंद्राच्या लाटांची गणती ठरलेली असते. पुण्याची गणती ७९२. म्हणजे एका सेकंदात ७९२ हजार लाटा. एका लाटेची लांबी भरते सुमारे ३७९ मीटर, म्हणजे पाव मैलाला थोडी कमी. अशा लाटांना मध्यम लहरी म्हणतात. रेडिओवरचा काटा आपण फिरवतो तेव्हा इतकंच करतो, की एवढ्या गणतीच्या लाटा तेवढ्या आत घे, बाकीच्या सोड.

मग आवाज कुठं गेला? आवाज त्या लाटांवर बसवलेला असतो. माणूस मोठ्यानं बोलला की लाट उंच होते, हळू बोलला की ठेंगणी होते. आपला रेडिओ ती उंची मोजतो आणि तिचा परत आवाज करतो. या पद्धतीला ‘ए. एम.’ म्हणतात. आकाशात वीज चमकली की असा रेडिओ कडकडतो, ते तुम्ही ऐकलं असेल. कारण वीजही लाटा उठवते आणि त्या आपल्या लाटांत मिसळून उंची बिघडवतात. हा या पद्धतीतला दोष. पण तिचा गुण मोठा आहे. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. रात्री तर त्या वरच्या हवेवर आपटून खाली येतात आणि आणखी लांब पोचतात. म्हणून रात्री परक्या मुलखाची केंद्रं लागतात. हल्लीचं ‘एफ. एम.’ गोड वाजतं खरं, पण डोंगर आडवा आला की थांबतं. सह्याद्रीच्या मुलखात हा फरक लहान नाही.

पुणे केंद्राचं नाव घरोघर झालं ते गीतरामायणानं. केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांनी कल्पना काढली. ग. दि. माडगूळकर यांनी गीतं लिहिली. सुधीर फडके यांनी चाली लावल्या. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिलं गीत झालं. मग दर आठवड्याला एक नवं गीत, असं वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना होता, त्यामुळे गीतं भरली छप्पन्न. गीताच्या वेळी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, असं जुनी माणसं सांगतात. घरात रेडिओ नसला तर हॉटेलाच्या दाराशी उभं राहून ऐकत.

याच माडगूळकरांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर. तेही लेखक. दोघं भाऊ माणदेशातल्या माडगूळ गावचे. व्यंकटेशरावांनी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचं काम पुष्कळ वर्षं केलं. गावाकडची बोली, गावाकडचा माणूस त्यांना ठाऊक होता. शहरातला मनुष्य शेतकऱ्याशी बोलू लागला की उगीच उपदेश करतो. गावचा माणूस बोलला की गप्पा होतात. हा फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

थंड प्रदेशातला कॅनडा देश आपण नकाशात पाहिला असेल. अमेरिकेच्या उत्तरेला तो आहे. तिथं शेतकऱ्यांची घरं एकमेकांपासून दूर दूर असतात. १९४१ साली तिथल्या रेडिओनं एक उपक्रम काढला. शेजारच्या शेतकऱ्यांनी एका घरी जमायचं, रेडिओवरचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचं आणि काय ठरलं ते कळवायचं. आपल्याकडे हे जमेल का, हे पाहायचं ठरलं. युनेस्को या जागतिक संस्थेनं मदत दिली. केंद्र निवडलं पुण्याचं.

१९५६ साल. पुणे केंद्राचा आवाज जिथं पोचतो असे पाच मराठी जिल्हे घेतले. त्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचं एक मंडळ केलं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे एकूण वीस कार्यक्रम झाले.

अशी बैठक कशी होत असेल ते मनात आणा. दिवे लागलेले आहेत. चावडीत नाही तर शाळेत माणसं बसली आहेत. वीज तेव्हा फार थोड्या गावांत होती. रेडिओ चालायचा तो जड बॅटरीवर. कार्यक्रम संपतो. रेडिओ बंद होतो. आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. “हे आपल्या गावात होईल का?” असा प्रश्न कोणीतरी टाकतो. एक म्हणतो, होईल. दुसरा म्हणतो, पैसा कुठला? तिसरा आजवर चारचौघांत कधी बोललेला नसतो, तोही तोंड उघडतो. मंडळाचा एक चिटणीस असे. त्याला लिहिता येत असे. काय बोलणं झालं, काय ठरलं, कोणती शंका राहिली, हे तो लिहून घेई आणि पुण्याला पाठवी. त्या शंकांना पुढच्या कार्यक्रमात रेडिओवरून उत्तर मिळे.

म्हणजे पेटीला कान फुटले!

सगळ्याच मंडळींना वाचता येत होतं असं नाही. अक्षर न येणारेही मंडळात बसत, ऐकत आणि बोलत. शेतीची अक्कल काही पाटीवर शिकलेली नसते. बाया मात्र या मंडळांत जवळजवळ नव्हत्या, हे इथं सांगितलं पाहिजे. विहिरीचं पाणी वाहायचं त्यांनी आणि विहिरीवर बोलायचं पुरुषांनी, अशी तेव्हाची रीत. ती चुकीची होती.

उपक्रमाचा उपयोग झाला की नाही, हे कसं कळणार? नुसतं ‘छान झालं’ म्हणून भागत नाही. मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. आपल्या वाशीच्या खाडीपलीकडे देवनारला ती आहे, म्हणजे आपली शेजारीणच. तपासणीचं काम तिच्याकडे दिलं. पॉल न्यूराथ नावाचे एक परदेशी प्राध्यापक त्या कामावर होते. त्यांनी शहाणपणानं एक गोष्ट केली. मंडळं असलेली गावं त्यांनी पाहिलीच. पण रेडिओ आहे पण मंडळ नाही, अशीही गावं पाहिली. आणि रेडिओही नाही, मंडळही नाही, अशीसुद्धा पाहिली. उपक्रमाच्या आधी लोकांना प्रश्न विचारले आणि नंतर पुन्हा विचारले.

तांदळाला खत घातलं की नाही हे कळायला एक वाफा बिनखताचा ठेवावा लागतो, तसंच हे.

काय दिसलं? मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती पुष्कळ वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तितकी वाढलेली नव्हती. म्हणजे गुण एकट्या पेटीचा नव्हता. ऐकल्यावर माणसं एकमेकांशी बोलली, त्याचा तो गुण होता. आणि नुसती माहितीच वाढली असं नाही. काही गावांनी विहिरी खणल्या. कुठं चांगल्या जातीचा वळू आणला. कुठं जास्त अंडी देणाऱ्या विलायती कोंबड्या आणल्या. कुठं बालवाडी निघाली. रेडिओनं यांतलं काहीही फुकट वाटलं नव्हतं.

हा उपक्रम पाहून १९५९ साली अशी मंडळं देशभर काढायचं ठरलं. हजारो निघाली. पण पुण्यासारखी सगळीकडे चालली नाहीत. रेडिओ बिघडला की दुरुस्तीला माणूस मिळेना. बॅटरी संपली की नवी येईना. पुष्कळ ठिकाणी पत्रं पाठवायचं बंद पडलं. पत्र बंद पडलं की पेटी पुन्हा बहिरी झाली. दीडशे गावांकडे लक्ष देणं सोपं होतं. हजारोंकडे लक्ष द्यायला तितकी माणसं लागतात, आणि ती नेमायची राहून गेली, असं माझं मत आहे.

पुण्यामागून सांगलीला १९६३ साली केंद्र झालं. नंतर परभणी, जळगाव, रत्नागिरी अशी लहान शहरांची केंद्रंही निघाली. त्यांचा मोठा उपयोग म्हणजे जवळचा बाजारभाव, जवळचा पाऊस आणि जवळची बोली. मुंबईच्या रेडिओवर नागपूरच्या संत्र्यांचा भाव कळून आमच्या गावाला काय करायचं होतं?

आता आजाचं काय झालं ते सांगतो.

आमच्या गावात श्रवणमंडळ नव्हतं. पण मास्तर होते. मी सहावीत असताना त्यांनी पत्रलेखनाचा धडा घेतला आणि म्हणाले, खोटं पत्र लिहू नका, खरं लिहा. मला आजाची आठवण झाली. दहा पैशांचं कार्ड आणलं. आजा सांगत गेला, मी लिहीत गेलो. ‘आमचं खाजण खाडीलगत आहे. बांधाला भगदाड पडलं की भरतीचं पाणी शेतात येतं. दोन-दोन वर्षं भात होत नाही. उपाय सांगावा.’ पहिलं कार्ड वाया गेलं. दुसरं पोचलं.

महिना-दीड महिना गेला. एका संध्याकाळी पेटीतल्या माणसानं आमच्या गावाचं नाव घेतलं. चुकीचं घेतलं, पण घेतलं. खोलीत इतकी शांतता झाली की बाहेरच्या बेडकांचा आवाज ऐकू येऊ लागला. उत्तर असं होतं : पावसाळ्याआधी बांध आणि उघाडी दुरुस्त करा. पहिल्या पावसाचं पाणी शेतात कोंडून धरा आणि ओहोटीला उघाडीतून सोडून द्या, म्हणजे मीठ धुऊन जाईल. खाऱ्या जमिनीत टिकणारं भात लावा. आणि अधिक माहितीसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात जाऊन भेटा.

पनवेल! आमच्या गावापासून चालत दोन तासांचा रस्ता. आजा दर बाजाराला तिथं जात होता. त्याच्या दुखण्याचं औषध त्याच्याच तालुक्यात होतं आणि ते सांगायला आवाज आकाशातून फिरून आला. पुढच्या बाजाराला आजा त्या केंद्रात जाऊन आला. पुढे त्याच केंद्रातून ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ या खाऱ्या जमिनीच्या भाताच्या जाती निघाल्या. त्या उन्हाळ्यात गावानं उघाडीची फळी बदलली. भात बरं आलं.

ते खाजण फार दिवस राहिलं नाही. १९७० साली नवं शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली होती. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांची जमीन त्या शहरासाठी ठरली. आमचीही त्यात होती. एका कचेरीतून नोटीस आली. मराठीतच होती, पण ती मराठी गावातल्या कोणाला कळेना. पुष्कळांनी न वाचता अंगठे उठवले. आजानं उठवला नाही. तो कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आधी वाच. मग कार्डावर इचारलं तसं त्यांना इचारू.” मी तेव्हा आठवीत होतो. मला निम्मे शब्द लागले नाहीत. ती लाज मला अजून आहे. आम्ही तो कागद मास्तरांकडे नेला. त्यांनी समजावून सांगितलं, आणि मोजणीत आजाचा एक तुकडा लावायचा राहिला होता, तो अर्ज केल्यावर लागला. जमीन गेलीच. पण मोजून गेली.

आज पंचायतीची ती पेटी नाही. पुणे केंद्र आहे. मुंबईचं आहे. मोबाइलवरही आता आकाशवाणी ऐकता येते. पेटीच्या जागी खिशात मावणारी वस्तू आली, पण ती ऐकायला चार माणसं एकत्र बसत नाहीत. ज्याची त्याची वेगळी. तुमच्या वर्गात तुम्ही वीस-पंचवीस जण रोज जमताच. दिवसातला एक कार्यक्रम सगळ्यांनी मिळून ऐकावा आणि मग रेडिओ बंद करून बोलावं. यात बाया पुढे बसतील, मागे नाही.

आणि शंका राहिली तर रेडिओला पत्र लिहावं. ते कसं लिहायचं ते सांगतो. एका कार्डावर एकच प्रश्न लिहावा. गाव, तालुका, जिल्हा, तिन्ही लिहावेत. जमीन कशी, पाणी कुठलं, पीक कोणतं, हे दोन ओळींत सांगावं. खाली आपलं नाव लिहावं आणि स्वतःच्या हातानं सही करावी. केंद्राचा पत्ता ठळक अक्षरात काढावा. पिनकोडचे सहा आकडे सहा चौकोनांत घालावे. कार्ड पेटीत टाकण्यापूर्वी पत्ता दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावा. आमचं पहिलं कार्ड तेवढ्याचसाठी परत आलं होतं. मी घाईत केंद्राचा पत्ता लिहायच्या जागी आजाचाच पत्ता लिहिला होता.